मुलांच्या मनावर जाहिरातदाराचा हक्क कोणता?

(पिशोर, ता. कन्नड येथे शिक्षक व पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतमालाचे भाव, पीकविमा, पाटाचे पाणी हे विषय बाजूला ठेवून मुलांना उद्देशून केल्या जाणाऱ्या जाहिरातींवर बोलण्यासाठी पिशोरसारख्या गावात सभा भरावी, ह्याचे काहींना नवल वाटेल. जाहिरात हा शहरातल्या सुखवस्तू घरांचा प्रश्न आहे, अशी आपली जुनी समजूत आहे. ती समजूत आता खरी राहिलेली नाही. शाळेच्या वाटेवरील कोणत्याही किराणा दुकानासमोर क्षणभर उभे राहावे. दारात रंगीबेरंगी पुड्यांच्या माळा लोंबकळत असतात, आणि त्या मोठ्या माणसाच्या नजरेसाठी टांगलेल्या नसतात. ज्या मुलाला अद्याप बाराखडी येत नाही, त्याला त्या पुडीचे नाव येते. अक्षरापूर्वी छाप शिकविण्याची ही किमया कोणी केली, कशासाठी केली, आणि ती करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, हा विषय शेतमालाच्या भावापासून दूरचा नाही. आपल्या ह्या पट्ट्यात मका होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने मक्याची आधारभूत किंमत क्विंटलला २४०० रुपये, म्हणजे किलोला २४ रुपये, जाहीर केली. ती प्रत्यक्षात किती जणांच्या पदरात पडते, हे ह्या सभेला मी सांगण्याची गरज नाही. आता त्याच मक्याचे पीठ फुगवून, त्यावर तेल, मीठ आणि मसाला घालून तयार झालेली पुडी घ्या. पाच रुपयांच्या पुडीवर वीस ग्रॅम वजन छापलेले असेल, तर तिचा भाव किलोला २५० रुपये पडला. शेतकरी क्विंटलाने विकतो आणि त्याचे मूल ग्रॅमने परत विकत घेते. ह्या दोन भावांमधील अंतरात कारखान्याचा खर्च आहे, वाहतूक आहे, दुकानदाराचे चार पैसे आहेत. परंतु त्याच अंतरात त्या जाहिरातीचाही खर्च आहे, जी तुमच्या मुलाला तुमच्याशी भांडावयास शिकविते. म्हणजे आपल्याच घरातील हट्टाची किंमत आपणच मोजीत असतो.

हे एका दिवसात घडले नाही. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या. १९७२ पासून एका चॉकलेटी पेयाच्या नावाने शाळकरी मुलांची प्रश्नमंजुषा सुरू झाली. ज्ञानाची स्पर्धा आणि डब्याचे नाव ह्यांची सांगड मुलांच्या मनात त्या वेळेपासून बसली. १ जानेवारी १९७६ रोजी दूरदर्शनने व्यापारी जाहिरातींना दार उघडले. औरंगाबादहून बापू काळदाते लोकसभेवर निवडून गेले त्याच १९७७ साली जनता सरकारचा परकीय भांडवलविषयक नियम मानण्यास नकार देऊन कोका-कोला कंपनीने हा देश सोडला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. १९९३ साली तीच कंपनी सन्मानाने परत आली. मधल्या सोळा वर्षांत पेय बदलले नव्हते, राज्यकर्त्यांची दृष्टी बदलली होती. त्यानंतर उपग्रह वाहिन्या आल्या, मुलांसाठी स्वतंत्र वाहिन्या निघाल्या, आणि आज जाहिरात मोबाईलच्या काचेतून थेट अंथरुणापर्यंत आली आहे.

ह्या प्रवासातील एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. भिंतीवरची, रेडिओवरची किंवा दूरदर्शनवरची जाहिरात सर्वांसमोर होत असे. घरातील आजी ती ऐकून हसत असे, वडील तिची टर उडवीत असत आणि मुलाला आपोआप कळे की ही गोष्ट काही वेदवाक्य नव्हे. मोबाईलवरील जाहिरात मुलाला एकटे गाठते. ते काय पाहते, किती वेळ पाहते, कोठे थांबते ह्याची नोंद ठेवून त्याला पुढची जाहिरात दाखविली जाते. शिवाय ती जाहिरात म्हणून समोर येत नाही. खेळ म्हणून येते, गाणे म्हणून येते, खेळणी उघडून दाखविणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गोड मुलाच्या रूपाने येते. ज्याला विक्रेता दिसतच नाही, त्याने विक्रेत्यापासून सावध राहावे ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

आता मूळ तत्त्वाकडे येऊ. जाहिरात ही एका बाजूने केलेली वकिली असते. मोठा माणूस ती ऐकताना मनाशी म्हणतो की, हा आपला माल विकण्यासाठी बोलतो आहे, तेव्हा रुपयातील बारा आणे धरून चालावे. सौद्यातील थोडीबहुत समानता ह्या सावधगिरीमुळे टिकते. लहान मुलापाशी ही सावधगिरी नसते. साधारण सातआठ वर्षांच्या आतील मुलाला समोरचा आपले मन वळवू पाहत आहे हे नीट उमगत नाही, असे बालमानसशास्त्राचे अभ्यासक गेली कित्येक दशके सांगत आले आहेत. शिक्षकांना हे पुस्तकातून कळण्याची गरज नाही. पहिलीच्या वर्गात फळ्याजवळ उभे राहून सांगितलेली कोणतीही गोष्ट मूल खरी मानते. शिक्षक त्या विश्वासाच्या बळावर शिकवितो. जाहिरातदार तोच विश्वास वापरतो, मात्र शिकविण्यासाठी नव्हे.

आपल्या कायद्याने हे तत्त्व दुसऱ्या ठिकाणी फार पूर्वीच मान्य केले आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्दबातल असल्याचा निर्णय दिला. सतरा वर्षांच्या मुलाने जमिनीच्या कागदावर सही केली तर ती सही फोल ठरते, कारण त्याचे बरेवाईट त्याला पुरते कळत नाही असे कायदा मानतो. मग चार वर्षांच्या मुलाशी कोट्यवधी रुपये खर्चून बोलणी करणाऱ्या कंपनीला आपण मोकळे रान कोणत्या न्यायाने देतो? ज्याच्याशी सौदा करता येत नाही, त्याला सौद्यासाठी भुलविता मात्र येते, ही विसंगती नफ्याच्या सोयीची आहे; न्यायाची नाही.

ह्याचे एक उदाहरण पाहा. दुधात मिसळावयाच्या पिठीने मूल उंच, बळकट आणि हुशार होते, हे आपण दोन पिढ्या ऐकत आलो. ऑक्टोबर २००८ मध्ये हॉर्लिक्सची अशाच दाव्याची जाहिरात एका नेपाळी वाहिनीवरून ब्रिटनमध्ये दिसली, तेव्हा तेथील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने ती पुराव्याअभावी अमान्य केली. कॉम्प्लानच्या जाहिरातीचीही तीच गत झाली. गंमत अशी की, त्या देशात हॉर्लिक्स हे रात्री झोपताना घेण्याचे पेय म्हणून विकले जात आले. एकच डबा तिकडच्या म्हाताऱ्याला झोप देतो आणि इकडच्या मुलाला उंची देतो! फरक डब्यात नाही. त्या त्या समाजाची कोणती दुखरी नस दाबावयाची, ह्या हिशेबात आहे. कुपोषणाने खुरटलेल्या देशात आईला सर्वांत मोठी भीती उंचीचीच असणार.

एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटामधील साखरेविषयी एक लहानसे चलच्चित्र प्रसृत केले. कंपनीच्या नोटिशीनंतर त्याला ते मागे घ्यावे लागले, पण तोपर्यंत प्रश्न देशभर गेला होता. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने दखल घेतली. वर्षअखेरीस कंपनीने १०० ग्रॅममागे घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आणली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने संकेतस्थळावरील विक्रेत्यांना सूचना दिली की, अशी पेये 'आरोग्य पेय' ह्या सदराखाली विकू नयेत. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'आरोग्य पेय' अशी कोणतीही संज्ञाच नाही. म्हणजे जी संज्ञा कायद्यात नव्हती, ती बाजारात राजरोस वावरत होती, आणि अधिकृत यंत्रणेला हे सांगण्यासाठी एका नागरिकाच्या चलच्चित्राची वाट पाहावी लागली. ज्या डब्याचा तिसरा हिस्सा साखरेचा, त्याला माता आरोग्य समजत होत्या. दोष मातांचा नाही. त्यांना तसे समजावे म्हणूनच पैसा खर्च झाला होता.

उलट बाजूचेही उदाहरण दिले पाहिजे. नाही तर ह्या विषयावर बोलून काही होत नाही असा निराशेचा सूर लागेल. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीचा प्रचार गरीब देशांत ज्या पद्धतीने चालला होता, त्याविरुद्ध १९७७ साली नेस्ले कंपनीवर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या प्रचाराविषयीची आचारसंहिता ११८ मतांनी संमत झाली. विरोधात एकच मत पडले. ते अमेरिकेचे होते. भारताने १९९२ साली स्वतंत्र कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक करून दोन वर्षांखालील मुलांच्या आहाराच्या जाहिरातीस सरसकट बंदी घातली. त्या कायद्याचा भंग झाल्यास तक्रार दाखल करण्याचा अधिकार ज्या स्वयंसेवी संस्थांना मिळाला, त्यांत मुंबईची 'असोसिएशन फॉर कन्झ्युमर ॲक्शन ऑन सेफ्टी अँड हेल्थ' ही संस्था होती. आज दूरदर्शनच्या पडद्यावर भुकटीच्या डब्याशेजारी गुटगुटीत बाळ दिसत नाही, ते ह्या कायद्यामुळे. तरीही लढा संपत नाही, हे एप्रिल २०२४ मध्ये दिसून आले. स्वित्झर्लंडमधील 'पब्लिक आय' ह्या संस्थेने दाखवून दिले की, नेस्लेच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर वाढपामागे सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम साखर घातलेली आहे, आणि जर्मनी व ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच पदार्थात ती मुळीच नाही. आपण भारतात साखर पुष्कळ कमी केली आहे, असे कंपनीने उत्तर दिले. परंतु गोऱ्या बाळाला जे नको, ते काळ्या बाळाला का हवे, ह्या प्रश्नाचे ते उत्तर होत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, मुलाला सांभाळणे हे आईबापांचे काम. त्यांनी नाही म्हणावे. ऐकावयास हे सरळ वाटते. पण हे सांगणारा कोणाला सांगतो आहे, ते पाहा. दिवस उजाडल्यापासून दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून संध्याकाळी घरी येणाऱ्या बाईने, ऊसतोडीच्या हंगामात फडावर बिऱ्हाड टाकून राहणाऱ्या जोडप्याने, मानसशास्त्रज्ञ, चित्रकार, सिनेनट आणि संगणक ह्यांच्या एकवटलेल्या फौजेशी रोज एकट्याने लढावे, असा त्याचा अर्थ होतो. एका बाजूला कोट्यवधींचे भांडवल आणि दुसऱ्या बाजूला एक दमलेली आई, ह्याला मुक्त स्पर्धा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. शिवाय गरिबाच्या घरात 'नाही' ह्या शब्दाची किंमत वेगळी असते. ज्याला मुलासाठी घर, शेत, शिक्षण ह्यांतील काहीच देता येत नाही, त्याला पाच रुपयांची पुडी तरी द्यावीशी वाटते. ह्या मायेवरच पाच रुपयांचा भाव बेतलेला आहे. आईबापांची जबाबदारी मी नाकारीत नाही. पण ती जबाबदारी पार पाडता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे ही समाजाची जबाबदारी आहे.

दुसरा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. टाटा प्रेस खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही घटनेच्या एकोणिसाव्या कलमाचे संरक्षण असल्याचे मान्य केले, हे खरे. आणीबाणीचा अनुभव घेतलेल्या समाजवाद्यांना स्वातंत्र्याचे मोल कोणी शिकवावयास नको. परंतु त्याच निकालात फसव्या जाहिरातीला संरक्षण नसल्याचेही स्पष्ट आहे. जो तर्क करण्यास असमर्थ आहे त्याच्याशी केलेली वकिली ही फसवणुकीच्या किती जवळ जाते, हा विचार लोकशाही देशांनीच केला आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करता येत नाही. एका खेळणीविक्रेत्या कंपनीने तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९८९ साली न्यायालयाने बंदी कायम ठेवली. स्वीडनने १९९१ पासून बारा वर्षांखालील मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी जाहिराती बंद केल्या. चिलीने २०१६ साली साखर-मिठाने लादलेल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर काळे अष्टकोन छापावयास लावले आणि मुलांना भुलविणारी चित्रे काढून टाकावयास भाग पाडले. ह्यांपैकी कोणत्याही देशात हुकूमशाही आली नाही. अमेरिकेत मात्र १९७८ साली व्यापार आयोगाने लहान मुलांसाठीच्या जाहिराती रोखण्याचा विचार मांडताच उद्योगपतींनी असा गहजब केला की, १९८० साली तेथील काँग्रेसने आयोगाचेच अधिकार छाटले. स्वातंत्र्याचा गजर कोण, कोणत्या वेळी करतो, हे ह्यावरून समजते.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. ह्या पुड्या बंद झाल्या तर कारखान्यातील कामगाराचे आणि गावच्या दुकानदाराचे काय? येथे माल बंद करण्याची मागणी कोणी केलेली नाही. माल विकावा, मोठ्यांना विकावा, खरे सांगून विकावा. आणि दुकानदाराचे म्हणाल, तर शेंगदाणे, फुटाणे, गुडदाणी, केळी, उकडलेली अंडी ह्यांवरही दुकान चालते. त्यांचा दोष एवढाच की, त्यांच्यासाठी जाहिरात करणारा कोणी नाही.

हे बोलताना सरकारला मोकळे सोडता येणार नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आढळले आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरविले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून लोकवर्गणीतून काय ते करावे असे शाळांना सांगितले. अंड्यासाठी वर्गणी मागावी लागते. पुडी मात्र मागण्यापूर्वीच शाळेच्या दारात हजर असते. जेथे लोककल्याणकारी राज्य हात काढून घेते, तेथे बाजार हात घालतो. म्हणून जाहिरातीविरुद्धची लढाई आणि पोषण आहारासाठीची लढाई ह्या एकच आहेत. मुलाच्या हातातील पुडी काढून घ्यावयाची असेल, तर त्या हातात काही तरी ठेवावे लागेल.

कायदे नाहीत असेही नाही. शाळकरी मुलांच्या आहाराविषयी २०२० साली झालेल्या नियमांनुसार चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांच्या अननुभवाचा फायदा घेण्यास, आईबापांकडे हट्ट धरण्यास मुलांना चिथावण्यास, आणि पुराव्यावाचून बुद्धी किंवा शक्ती वाढते असे सांगण्यास मनाई आहे. मुलांच्या कार्यक्रमांत वेफर्स आणि सोड्याच्या गोड पेयांच्या जाहिरातींनाही मनाई आहे. भंग केल्यास दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या ताऱ्यालाही तो लागू आहे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. तंबाखूच्या दुकानाला शाळेपासून शंभर यार्डांचे अंतर २००३ च्या कायद्याने ठरवून दिले, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरीही वेलदोड्याच्या नावाखाली त्याच छापाची जाहिरात सिनेनट करतात आणि क्रिकेटच्या सामन्यात मुले ती पाहतात. कायदा दिल्लीत होतो. त्याचा भंग पिशोरात होतो. तो दिल्लीतून दिसत नाही. येथील माणसांनीच तो दाखवून द्यावा लागतो.

म्हणून काही साध्या सूचना मांडतो. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यातील तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. ह्या समितीने फाटकापासून पन्नास मीटरची दोरी स्वतः मोजावी. त्या अंतरातील दुकानदार आपलेच गाववाले आहेत. त्यांच्याशी भांडण नको, त्यांना बोलावून, समजावून, पर्यायी माल ठेवण्यास सांगावे. शाळेला दप्तरे, घड्याळे किंवा फळे मोफत देण्यास एखादी खाद्यपदार्थांची कंपनी पुढे आली, तर त्या देणगीवर छाप असेल तोपर्यंत ती स्वीकारू नये. ग्रामसभेने तसा ठराव करावा. फसव्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, १९१५ ह्या ग्राहक क्रमांकावरही करता येते. ती एकाने न करता पन्नास पालकांच्या सह्यांनी करावी. शिक्षकांनी महिन्यातून एक तास पुड्यांच्या मागचा मजकूर वाचण्यास द्यावा. पुढे काय छापले आहे आणि मागे काय छापले आहे, हे ताडून पाहणे हा भाषेचाही उत्तम पाठ आहे आणि गणिताचाही. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ साली सामुदायिक खरेदी सुरू केली, तेव्हा दलालाला वगळता येते हे सामान्य गृहिणींनी सिद्ध केले. गावातील महिला बचत गटांनी गुडदाणी आणि फुटाणे शाळेपाशी आणले, तर तेच तत्त्व येथेही चालेल.

आणि आंदोलनाची मागणी एकच असावी: बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून कोणत्याही मालाची व्यापारी जाहिरात, कोणत्याही माध्यमातून, कायद्याने बंद झाली पाहिजे. चांगला माल कोणता आणि वाईट कोणता ह्याच्या घोळात कंपन्यांचे वकील वर्षे घालवितात. तत्त्व मालाविषयी नाहीच. ज्याला सौदा समजत नाही त्याच्याशी सौद्याची बोलणी करावयाची नाहीत, हे ते तत्त्व आहे.

मित्रहो, कारखान्यात मुलाचे श्रम विकत घेणे एके काळी सर्वांना स्वाभाविक वाटत असे. आईबापांची संमती आहे, घरात चार पैसे येतात, उद्योग चालतो, हीच कारणे तेव्हाही दिली जात होती. समाजाने लढून ती कारणे मोडीत काढली. आज मुलाच्या हातांऐवजी त्याचे लक्ष आणि त्याची इच्छा कामाला जुंपली गेली आहे, आणि कारणे तीच आहेत. ती पुन्हा मोडीत काढावयाची, तर सुरुवात शाळेच्या फाटकापासून, त्या पन्नास मीटरांपासून करावी लागेल. येत्या ग्रामसभेत हा ठराव कोण मांडणार आणि कोण अनुमोदन देणार, एवढे ह्या सभेने उठण्यापूर्वी ठरवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.